'मूव्ह लाइक धिस': चोवीस वर्षांनी परतलेल्या 'द कार्स'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'द कार्स'चा विषय निघाला की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. क्रम फारसा लावलेला नाही, मधूनच कुठूनही वाचलंत तरी चालेल. बासबद्दलचा (म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारबद्दलचा) प्रश्न तेवढा वगळू नका.

हा अल्बम नेमका कोणता?

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या 'द कार्स' या रॉक बँडचा सातवा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम. १० मे २०११ रोजी आला. त्याच्या आधीचा 'डोअर टू डोअर' १९८७चा, म्हणजे मध्ये तब्बल चोवीस वर्षं गेली. एवढ्या काळात कॅसेट गेली, सीडी आली आणि सीडीही जायला निघाली. अल्बममध्ये दहा गाणी आहेत आणि चाळीस मिनिटांच्या आत सगळा खेळ आटोपतो. परतीच्या अल्बमात सोळा-सोळा गाणी कोंबणाऱ्या बँडांनी यातून काहीतरी घ्यायला हरकत नाही.

याला पॉवर पॉप म्हणतात, ते म्हणजे काय? पॉप आणि रॉकच्या मधलं काहीतरी?

मधलं नाही, दोन्ही एकदम. चाल अशी गोड की दुसऱ्यांदा ऐकताना आपण गुणगुणायला लागतो, आणि वाजवणं मात्र रांगडं, गिटारी पुढे काढलेल्या, ड्रम दणदणीत. गाणं तीन मिनिटांचं. मुखडा लगेच हाती येतो, तो यायच्या आधी उगाच प्रस्तावना नसते. दोन-तीन आवाजांचा मेळ, कुठेतरी टाळ्या, गिटारचा नेटका तुकडा, की संपलं. विषय बहुतेक वेळा एकच: एक मुलगी आणि तिचं न येणं.

हा शब्द वापरला 'द हू'च्या पीट टाउनशेंडने, १९६७मध्ये, आपल्याच बँडच्या संगीताबद्दल बोलताना. पण प्रकार म्हणून तो उभा राहिला सत्तरच्या दशकात. बॅडफिंगर, क्लीव्हलँडचे रास्पबेरीज, मेम्फिसचे बिग स्टार ही पहिली फळी. त्यांच्यामागून चीप ट्रिक. १९७९मध्ये 'द नॅक'चं 'माय शरोना' अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं, आणि मग प्रत्येक रेकॉर्ड कंपनीला असा एक बँड हवासा वाटू लागला.

यात एक गंमत आहे. हा प्रकार जन्मापासूनच मागे वळून बघणारा. १९७२मध्ये आजूबाजूचे बँड वीस-वीस मिनिटांच्या रचना रचत होते, तेव्हा या मंडळींना १९६५ची आठवण येत होती. त्यामुळे 'रेट्रो पॉवर पॉप' म्हणणं हे थोडंसं 'पिवळी हळद' म्हणण्यासारखं आहे. तरी लोक म्हणतात, मीही म्हणतो.

पण 'द कार्स' तर न्यू वेव्हमध्ये मोडतात ना?

पाटी न्यू वेव्हची (पंक रॉकच्या मागून आलेला, सिंथेसायझरकडे झुकलेला प्रकार), आतला माल पॉवर पॉपचा. काळे चष्मे, कोरे चेहरे, सिंथेसायझरची पिपाणी आणि काहीच वाटत नसल्यासारखा गाणारा गायक, हे सगळं बघून १९७८मध्ये लोकांनी त्यांना न्यू वेव्हच्या खणात टाकलं, आणि ते चूकही नव्हतं. पण 'माय बेस्ट फ्रेंड्स गर्ल' एकदा नीट ऐका. टाळ्या आहेत, पन्नासच्या दशकातल्या रॉकाबिलीसारखी टणटणीत गिटार आहे, आणि तक्रारही तीच जुनी: ती आधी माझी होती.

पहिल्या अल्बमचा निर्माता होता रॉय थॉमस बेकर, 'क्वीन'बरोबर काम केलेला. ध्वनिमुद्रण लंडनला झालं. त्याने एकावर एक आवाज चढवून जो थर बनवला तो 'गुड टाइम्स रोल'च्या ध्रुवपदात ऐकू येतो: एक सुस्त, कोरडा गायक, आणि त्याच्या मागे अचानक उघडणारी आवाजांची भिंत. थंड चेहरा आणि गोड गळा यांची ही जोडी जमली आणि बँड उभा राहिला.

बँडमध्ये कोण कोण होते?

रिक ओकॅसेक: गाणी जवळपास सगळी त्याची, शिवाय गायन आणि साथीची गिटार. उंच, काटकुळा, कायम चष्म्यात. बेंजामिन ऑर: बास आणि गायन. इलियट ईस्टन: लीड गिटार, डावखुरा. ग्रेग हॉक्स: कीबोर्ड. डेव्हिड रॉबिन्सन: ड्रम. तो आधी 'द मॉडर्न लव्हर्स'मध्ये होता, आणि बँडचं नावही त्यानेच सुचवलेलं.

ओकॅसेक आणि ऑर यांची ओळख ओहायोमधली, साठच्या दशकातली. दोघांनी किती बँड काढले आणि मोडले याची यादी देत बसत नाही. १९७३मध्ये 'मिल्कवुड' नावाने एक लोकसंगीताच्या वळणाचा अल्बमही काढून झाला, तो कोणी घेतला नाही. 'द कार्स' जुळून आला १९७६मध्ये. म्हणजे यश आलं तेव्हा ही विशीतली पोरं नव्हती. ओकॅसेक तर चौतिशीचा होता.

कोणती गाणी कोण गायचं? मला दोघांचे आवाज सारखेच वाटतात.

सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतात, कारण ऑरही ओकॅसेकच्या ढंगात गाऊ शकायचा. खूण सांगतो. ओकॅसेक शब्द तोडतो. उचकी लागल्यासारखं, अर्धवट बोलल्यासारखं गातो, आणि ओळीचा शेवट हवेत सोडून देतो. ऑर ओळ धरून ठेवतो. त्याच्या आवाजाला गोलाई आहे आणि तो सुरावर निवांत बसतो. 'जस्ट व्हॉट आय नीडेड', 'लेट्स गो', 'मूव्हिंग इन स्टिरिओ' आणि 'ड्राइव्ह' ही सगळी ऑरची. 'यू माइट थिंक', 'शेक इट अप', 'माय बेस्ट फ्रेंड्स गर्ल' ही ओकॅसेकची.

म्हणजे ज्याने गाणी लिहिली त्यानेच बँडची सगळ्यात हळवी गाणी स्वतः गायली नाहीत. 'ड्राइव्ह' लिहिलं ओकॅसेकने, दिलं ऑरला, आणि १९८४मध्ये ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बँड फुटला का?

'हार्टबीट सिटी' १९८४चा, प्रचंड चालला. त्यानंतर तीन वर्षांनी आलेला 'डोअर टू डोअर' त्या मानाने पडला. १९८८मध्ये सगळे आपापल्या वाटेने गेले. पुन्हा एकत्र येणार का, या प्रश्नावर ओकॅसेकचं उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं: नाही.

मध्ये 'द न्यू कार्स' नावाचं काहीतरी होतं ना?

होतं. २००५च्या सुमारास ईस्टन आणि हॉक्स यांनी टॉड रंडग्रेनला गायक म्हणून घेऊन ते काढलं, दौरा केला, २००६मध्ये एक अल्बमही आला. ओकॅसेकने आडकाठी केली नाही, पण सामीलही झाला नाही. रंडग्रेन हा स्वतः मोठा माणूस आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण परक्याच्या अंगातला कोट कितीही चांगला शिवलेला असला तरी खांद्यावर कळतो. त्यामुळे २०११च्या अल्बमला 'परत आलेले' म्हणतात आणि याला नाही.

मग २०१०मध्ये असं काय बदललं?

ओकॅसेककडे नवी गाणी होती आणि ती कोणी वाजवायची हा प्रश्न होता. ज्या तिघांना न सांगता कळतं की इथे कीबोर्ड दोनच सूर वाजवणार आणि गिटार मध्ये तोंड घालणार नाही, अशा तिघांचे फोन नंबर त्याच्याकडे होतेच. २०१०च्या जुलैत न्यू यॉर्क राज्यातल्या मिलब्रुकच्या स्टुडिओतला चौघांचा फोटो इंटरनेटवर आला. मजकूर फारसा नव्हता. चार माणसं, चार वाढलेली वयं. चाहत्यांनी बाकीचं ओळखलं.

काही गाणी त्यांनी तिथेच स्वतः उभी केली, काही लॉस एंजेलिसला जॅकनाइफ ली या निर्मात्याबरोबर. ली हा 'यू टू' आणि 'आर.ई.एम.' यांच्याबरोबर काम केलेला माणूस.

ऑर नव्हता, मग बास कोणी वाजवला?

बेंजामिन ऑर ३ ऑक्टोबर २००० रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. वय ५३.

परतणाऱ्या बँडसमोर अशा वेळी ठरलेले मार्ग असतात. गेलेल्या माणसासारखा गाणारा एखादा शोधून आणायचा. त्याच्या जुन्या ध्वनिफितींतला आवाज काढून नव्या गाण्यात बसवायचा. किंवा चांगला भाडोत्री बासवादक घ्यायचा आणि फोटोत त्याला कडेला उभं करायचं. 'द कार्स'नी यातलं काहीच केलं नाही. बाहेरचा माणूसच आणायचा नाही असं ठरवलं. बासच्या जागा हॉक्स आणि निर्माता ली यांनी वाटून घेतल्या. गायनाची सगळी जबाबदारी ओकॅसेकवर आली.

आणि ओकॅसेकने त्या वेळी मोकळेपणी सांगितलं की यातली निम्मी गाणी बेनने (म्हणजे ऑरने) माझ्यापेक्षा चांगली गायली असती. नवा अल्बम विकायला निघालेला माणूस सहसा असं बोलत नाही. विकायच्या वेळी माल सगळ्यात उत्तम असतो, हा जगाचा नियम आहे.

माझ्या लेखी हा अल्बम इथे समजतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो थोडा एकसुरी वाटला होता. गाणी चांगली, पण कुठेतरी भूक राहतेय. बरेच दिवस मला वाटायचं की चाली कमी पडल्या. मग एकदा 'हार्टबीट सिटी' आणि हा, असे लागोपाठ ऐकले आणि उलगडा झाला. जुन्या अल्बमांत दर दोन-तीन गाण्यांनी आवाज बदलतो. ओकॅसेकच्या कोरड्या, तुटक बोलण्यानंतर ऑर येतो आणि खोलीत कोणीतरी दिवा लावल्यासारखं होतं. इथे तो दिवा लागत नाही. दहाही गाणी ओकॅसेकच. कमी आहे ती चालींत नाही, त्या आलटून-पालटून येण्यात आहे. आणि बँडने ती जागा बुजवली नाही, तशीच ठेवली.

'सून' ऐका. (हे इंग्रजी 'लवकरच' आहे, घरातल्या कोणी गैरसमज करून घेऊ नये.) संथ लय, कीबोर्डचा मऊ अंथरलेला थर, म्हणजे 'ड्राइव्ह'च्या वळणाचं गाणं. ही ऑरची जागा. ओकॅसेक तिथे ऑर व्हायला जात नाही. आवाज खाली आणतो, जवळजवळ बोलतो, आणि ओळ तोडायची त्याची जुनी सवय इथे पहिल्यांदाच ढंग वाटत नाही. श्वास पुरत नसल्यासारखी वाटते. ऑरने हे गाणं नक्कीच अधिक देखणं केलं असतं. पण मग ते असं लागलं नसतं.

आवाज मुद्दाम जुना ठेवलाय का? स्वतःचीच नक्कल वाटत नाही?

हा प्रश्न दोन उलट्या बाजूंनी येतो. काहींना अल्बम फार जुना वाटतो, काहींना पुरेसा जुना वाटत नाही. दोघांनाही एकच सांगतो: २०११मध्ये हा आवाज जुना उरलाच नव्हता.

मधल्या चोवीस वर्षांत काय झालं ते बघा. १९९४मध्ये निर्वाणाने म्युनिकला आपल्या शेवटच्या मैफलीत 'माय बेस्ट फ्रेंड्स गर्ल' वाजवलं. (निर्वाणा हा बँड, मोक्षाशी संबंध नाही.) त्याच वर्षी 'वीझर'चा पहिला अल्बम आला, निर्माता होता खुद्द ओकॅसेक. २००१चा त्यांचा हिरव्या मुखपृष्ठाचा अल्बमही त्याचाच. २००३मध्ये 'फाउंटन्स ऑफ वेन'चं 'स्टेसीज मॉम' गाजलं. त्याची सुरुवातीची गिटार इतकी 'द कार्स'च्या वळणाची आहे की व्हिडिओतही त्यांना नमस्कार करून घेतलाय. 'द स्ट्रोक्स' आणि 'द किलर्स' तर त्याच जमिनीवर घर बांधून बसलेले. २०११च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे हा अल्बम आला त्याच उन्हाळ्यात, इंग्लंडच्या रेडिंग महोत्सवात स्ट्रोक्सनी 'पल्प' बँडच्या जार्विस कॉकरला मंचावर बोलावून 'जस्ट व्हॉट आय नीडेड' वाजवलं.

तर अशी स्थिती. 'द कार्स' आपल्या जागी थांबले आणि जग फिरून तिथे आलं. त्यांनी नवा आवाज शोधला असता तर ते जुने वाटले असते. साठी गाठलेली माणसं नव्या पोरांच्या मागे धावताना किती दमतात हे आपण इतर बँडांत पाहिलंय.

नक्कल म्हणाल तर ओळखीच्या खुणा सगळ्या आहेत. 'ब्लू टिप' उघडतं तेच मुळी आठ-आठच्या ठोक्यात टकटकणाऱ्या गिटारने आणि अडखळत धावणाऱ्या कीबोर्डने. 'सॅड साँग'मध्ये टाळ्या आहेत. तिथे मी दर वेळी हसतो, कारण नाव 'दुःखी गाणं' आणि ठेका पाय थिरकवणारा. पण फरकही आहे. १९७८मध्ये आवाजांची ती भिंत होती, पाचजण मिळून तुमच्या अंगावर यायचे. इथे मागचे आवाज पातळ आहेत, वाद्यांच्या मध्ये हवा जास्त आहे. तरुणपणीची हस्ताक्षरवही आणि उतारवयातली सही यांत जितका फरक, तितका.

गिटार शिकतोय. तो टकटक आवाज कसा काढायचा?

चांगला प्रश्न, आणि उत्तर दिसतं तेवढं सोपं नाही. उजव्या तळहाताची कड, करंगळीखालचा भाग, ब्रिजजवळ तारांवर हलकेच टेकवायची. फार दाबली तर सूर मरतो, फार उचलली तर तार मोकळी घुमते. दोन्हींच्या मधली जागा शोधायची. मग एका मात्रेत दोन, असे सलग आठ ठोके, आणि सगळे वरून खाली. वर-खाली, वर-खाली वाजवलंत तर वेग सहज येईल, पण ते एकसारखेपण जाईल. एक ठोका जड आणि एक हलका होतो, आणि 'द कार्स'ला हवं असतं शिलाई यंत्र.

'जस्ट व्हॉट आय नीडेड'ची सुरुवात सरावाला घ्या. आधी नुसती ती दबलेली गिटार, एकटी. मध्येच बँडचा एक धपका. पुन्हा टकटक, पुन्हा धपका. या मोकळ्या जागेत तुमची लय जराही ढळली तर लपायला जागा नाही. दहा मिनिटांत मनगट भरून येतं. मी हे शिकताना गाणं पूर्ण व्हायच्या आधीच थांबायचो आणि वाजवणाऱ्याला मनातल्या मनात सलाम करायचो.

ईस्टनचे तुकडे ही पुढची इयत्ता. तो सोलोमध्ये बोटांची कसरत दाखवत नाही, गाण्यातच एक छोटं गाणं रचतो. त्याचा सोलो तोंडाने म्हणून बघा, म्हणता येतो.

अल्बम चालला का?

अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत थेट सातव्या क्रमांकावर आला. त्यांचा पहिला, आज अजरामर वगैरे मानला जाणारा अल्बमही अठराच्या वर कधी गेला नव्हता. अर्थात तो यादीत १३९ आठवडे टिकून राहिला आणि हा नाही. २०११मध्ये चाहते पहिल्याच आठवड्यात घेऊन मोकळे व्हायचे, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून फार अर्थ काढू नका.

दौरा झाला का? मंचावर बास कोणी सांभाळला?

झाला, पण आटोपशीर. मे २०११मध्ये अमेरिकेतली मोजकी शहरं, मग ऑगस्टमध्ये शिकागोचा लोलापालुझा महोत्सव, एवढंच. ओकॅसेकला दौऱ्यांची हौस कधीच नव्हती. मंचावरही चौघंच. बास हॉक्सने अंगावर घेतला, कधी कीबोर्डच्या पट्ट्यांवर, कधी गिटार गळ्यात अडकवून. ऑरने गायलेली जुनी गाणी ओकॅसेक गायला. त्या मैफलींच्या चित्रफिती बघाल तर चौघेही फारसे हलत नाहीत. पण याला वय कारण नाही, ते १९७८मध्येही हलायचे नाहीत. 'मूव्ह लाइक धिस' म्हणजे 'असं हला' हे नाव त्यांनी सरळ चेहऱ्याने ठेवलं असेल असं मला वाटत नाही.

अल्बममधलं काय आवडलं नाही?

'कीप ऑन नॉकिंग'मधला जोर मला ओढून आणलेला वाटतो, दार वाजवतोय पण आत जायची घाई नाही असा. शेवटाकडे 'इट्स ओन्ली' येईपर्यंत मधल्या वेगाची गाणी जरा जास्त झालेली असतात. बाकी तक्रार वर केलीच आहे, आणि ती तक्रार नाही हेही.

यातली कोणती गाणी आधी ऐकू?

'सॅड साँग', 'ब्लू टिप', 'सून'. मग 'ड्रॅग ऑन फॉरएव्हर'. हे हळूहळू चढतं, पहिल्या फेरीत सोडून देऊ नका. हे चारही आवडले नाहीत तर उरलेल्या सहांनी मत बदलणार नाही.

'द कार्स' कधी ऐकलेच नाहीत. सुरुवात इथून करू का?

नको. १९७८चा पहिला अल्बम, 'द कार्स' हेच नाव, अथपासून इतिपर्यंत. त्यातलं एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही. मग 'कँडी-ओ'. तबला शिकलेल्यांनी त्याच्या पुढच्या 'पॅनोरमा' अल्बममधलं 'टच अँड गो' जरूर ऐकावं. बास आणि ड्रम पाच मात्रांचा ठेका धरतात आणि वरचं गाणं आपलं चारात चालतं, सम कुठे म्हणून बोटांवर मोजायला लागाल. मग 'हार्टबीट सिटी'. त्यानंतर 'मूव्ह लाइक धिस'. आधी ऑरचा आवाज कानात बसला पाहिजे, नाहीतर तो नाही हे कळणारच नाही.

असे परतलेले आणखी पॉवर पॉप बँड कोणते?

बिग स्टारचा 'इन स्पेस', २००५. ॲलेक्स चिल्टन आणि जोडी स्टीफन्स या जुन्या दोघांबरोबर 'द पोझीज'मधले दोन तरुण. ऐकायला मजा येते, पण वाढपी बदललेत हे कळतं. रेड क्रॉसचा 'रिसर्चिंग द ब्लूज', २०१२, पंधरा वर्षांनी आलेला आणि माझ्या मते या सगळ्यांत जास्त दंगेखोर. इलिनॉयच्या 'शूज'चा 'इग्निशन'ही २०१२चाच. चीप ट्रिकचा 'रॉकफर्ड' २००६चा. ते खरं तर कुठे गेलेच नव्हते, पण आपल्या गावाचं नाव देऊन जुन्या चालीवर परतले, म्हणून यात धरतो.

यानंतर त्यांनी काही केलं का?

नवा अल्बम नाही. एप्रिल २०१८मध्ये त्यांना क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. स्वागताचं भाषण 'द किलर्स'च्या ब्रँडन फ्लॉवर्सने केलं. त्या रात्री चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं. आणि त्या रात्री मात्र त्यांनी बाससाठी पाचवा माणूस घेतला: 'वीझर'चा स्कॉट श्राइनर. ओकॅसेकने ज्या बँडचे अल्बम घडवले, त्याच घरातला.

१५ सप्टेंबर २०१९ रोजी ओकॅसेक न्यू यॉर्कमध्ये गेला. ७५ वर्षांचा होता.

आत्ता एकाच गाण्यापुरता वेळ आहे. कोणतं लावू?

एकाच्या ऐवजी दोन लावा, दोन्ही मिळून दहा मिनिटांपेक्षा कमी. आधी 'ड्राइव्ह', मग लगेच 'सून'. हेडफोन लावा. मधल्या शांततेत आवाज वाढवू नका.